आरशापुढचा हिशेब

२५ आणि २६ जुलै १६५६. हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅम शहरात, ब्रेस्त्रात नावाच्या रस्त्यावरच्या एका प्रशस्त घरात सरकारी माणसे दोन दिवस सामानाची यादी करीत होती. एकेका खोलीत जायचे आणि भिंतीवर, फळीवर, कोनाड्यात जे दिसेल ते लिहून घ्यायचे. रोमन सम्राटांचे अर्धपुतळे, होमर आणि सॉक्रेटिस यांची मस्तके, शिरस्त्राणे, शंखशिंपले, प्रवाळ, सिंहाचे कातडे, इटालियन चित्रांवरून काढलेल्या छापांचे गठ्ठे आणि घरमालकाने स्वतः रंगवलेली कितीतरी चित्रे. एकूण नोंदी झाल्या ३६३. अगदी शेवटी धुवायला टाकलेल्या कपड्यांचीही नोंद झाली : तीन सदरे, सहा हातरुमाल, बारा नॅपकिन, तीन टेबलक्लॉथ आणि काही कॉलर व कफ.

घरमालकाचे नाव रेम्ब्रँट व्हॅन राईन. दहाच दिवसांपूर्वी त्याने पन्नाशी पूर्ण केली होती.

माझी उभी नोकरी बँकेत गेली. कर्जवसुलीच्या निमित्ताने अशा याद्या मी पाहिल्या आहेत, त्यांवर सह्याही केल्या आहेत. यादीतल्या पहिल्या पाच-पन्नास वस्तूंपर्यंत सारे कसे हिशेबी वाटते. पण कपड्यालत्त्यापाशी, भांड्याकुंड्यांपाशी आलो, की या घरात माणसे राहतात हे एकदम ध्यानात येते. रेम्ब्रँटच्या छायाप्रकाशाविषयी जाणकारांनी भरपूर लिहून ठेवले आहे. मला मात्र या माणसाचे कोडे जमाखर्चाच्या बाजूने पडले. ज्याला आयुष्यभर पैशाचा ताळेबंद जमला नाही, त्यानेच माणसाच्या चेहऱ्याचा हिशेब इतका चोख कसा ठेवला?

रेम्ब्रँटचा जन्म १५ जुलै १६०६ चा, लायडन गावचा. बाप पिठाच्या गिरणीचा मालक, आई पाव भाजणाऱ्याची मुलगी. पोरगा शिकेल म्हणून त्याला लॅटिन शाळेत घातले. चौदाव्या वर्षी लायडनच्या विद्यापीठात त्याचे नावही नोंदवले गेले. पण जीव चित्रांत. शेवटी आईबापांनी त्याला गावातल्याच याकोब व्हॅन स्वानेनबर्ग या चित्रकाराकडे शिकायला ठेवले. तिथे तीन वर्षे, मग ॲमस्टरडॅममध्ये पीटर लास्टमन याच्याकडे सहा महिने. एवढ्या शिदोरीवर विशीच्या आसपास त्याने लायडनमध्ये स्वतःची चित्रशाळा मांडली.

चेहरे रंगवायचे तर समोर माणूस बसायला हवा, आणि तासन्‌तास बसणारा माणूस पैसे मागणार. तरुण रेम्ब्रँटने फुकटचा माणूस शोधला. तो आरशात होता. भुवया चढवलेला, दात विचकलेला, दचकलेला, खदखदून हसणारा असा स्वतःचाच चेहरा त्याने पुनःपुन्हा काढला. तांब्याच्या पत्र्यावर अम्लरेखन करून १६३० साली केलेले असे काही चेहरे पोस्टाच्या तिकिटापेक्षा फार मोठे नाहीत. हा रियाज होता. राग आला की नाकपुड्या कशा फुलतात, आश्चर्याने कपाळावरच्या रेषा कुठे चढतात, हे तो बारकाईने पाहत होता. पुढल्या चाळीस वर्षांत त्याने तैलरंगात सुमारे चाळीस आणि अम्लरेखनात तीसएक आत्मचित्रे केली. रियाज म्हणून लागलेली सवय शेवटपर्यंत सुटली नाही.

१६३१ च्या सुमारास तो ॲमस्टरडॅमला आला. त्या काळी जगभरचा व्यापार या शहरातून चाले आणि नव्या श्रीमंतांना भिंतीवर आपली चित्रे हवी होती. हेंड्रिक आयलेनबर्ग या चित्रव्यापाऱ्याच्या छत्राखाली रेम्ब्रँट काम करू लागला. १६३२ साली, ऐन पंचविशीत, त्याने डॉक्टर टुल्प यांचा शरीरशास्त्राचा पाठ रंगवला. टेबलावर प्रेत, डॉक्टरांच्या चिमट्यात हाताचे स्नायू आणि भोवती वाकून पाहणारी माणसे. अशा समूहचित्रांत तोवर माणसे बहुधा शाळेच्या फोटोसारखी ओळीने बसत. इथे प्रत्येक जण काहीतरी पाहतो आहे, विचार करतो आहे. एका चित्राने त्याचे नाव झाले. १६३४ मध्ये आयलेनबर्गच्याच नात्यातल्या सास्कियाशी त्याचे लग्न झाले. ती लेवार्डन शहराच्या एका माजी नगराध्यक्षाची मुलगी, घरची श्रीमंत.

जानेवारी १६३९ मध्ये त्याने ब्रेस्त्रातवरचे ते घर घेतले. किंमत १३,००० गिल्डर. पाव हिस्सा पहिल्या वर्षात द्यायचा आणि बाकीची रक्कम पाच-सहा वर्षांत फेडायची, असा करार होता. त्याची मिळकत पाहता हप्ते जड नव्हते. पण हाती पैसा आला की हा गडी लिलावात जाऊन उभा राही. जुनी चित्रे, छाप, शस्त्रे, परदेशी वस्त्रे जे आवडेल त्यावर बोली लावी, आणि घराची बाकी तशीच राही. उत्पन्न चांगले, पत चांगली आणि परतफेड नाही, असा खातेदार कोणत्याही बँकरला घाबरवतो. जो मुळातच गरीब असतो तो निदान जपून तरी असतो.

याच घरात त्याची शाळाही भरे. पहिला शिष्य गेरिट डाऊ त्याला लायडनमध्येच मिळाला होता. पुढे गोव्हर्ट फ्लिंक, फर्डिनांड बोल, कारेल फाब्रिशियस, निकोलास मास अशी पुढे नावारूपाला आलेली कितीतरी मुले त्याच्याकडे शिकून गेली. वर्षाची फी १०० गिल्डर असे, असे समकालीन चित्रकार झांड्रार्ट सांगतो. शिष्यांनी जमिनीवर हुबेहूब नाणी रंगवून ठेवायची आणि गुरुजींनी ती उचलायला वाकायचे, अशी एक गोष्ट हाउब्राकेन या चरित्रकाराने सांगितली आहे. खरी-खोटी देव जाणे, पण गुरूचा पैशाशी असलेला संबंध शिष्यांनी बरोबर हेरला होता असे दिसते.

या शाळेत मुलगा काय शिके? आपल्याकडे १८५७ साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभाईंच्या नावाची कला शाळा सुरू झाली आणि समोर माणूस बसवून तैलरंगात त्याचे चित्र करण्याची युरोपीय रीत इथल्या मुलांपर्यंत पोचली. आजही कलाशाखेचा विद्यार्थी कोरा कॅनव्हास ईझलवर लावून मॉडेलसमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्यापुढचे प्रश्न रेम्ब्रँटच्या शिष्यांचेच असतात. म्हणून त्याची रीत जरा तपशिलाने सांगतो.

पहिली गोष्ट, तो पांढऱ्या पृष्ठभागावर काम करीत नसे. फळीला किंवा कापडाला अस्तर चढवून त्याला मातकट किंवा राखी छटा दिलेली असे. उत्तरायुष्यात तर तो अस्तरात वाळूसारखी बारीक दळलेली गारगोटी वापरू लागला. अशा मध्यम छटेवर काळोखही उठतो आणि उजेडही. मग पातळ तपकिरी रंगाने चित्राची मांडणी आणि छायाप्रकाश उभा करायचा. या टप्प्यावर रंगांचा विचारच नाही. कुठे उजेड पडला आहे आणि कुठे अंधार आहे, एवढेच. ते वाळले की मागून पुढे यायचे : आधी पार्श्वभूमी, मग कपडे आणि चेहरा.

दुसरी गोष्ट उजेडाची. तो बहुतेक वेळा डावीकडून आणि वरून येतो. कपाळ, नाकाचा दांडा आणि एक गाल उजळतो; दुसरी बाजू सावलीत राहते. ही सावली तो पातळ, पारदर्शक ठेवी आणि उजेड मात्र जाड थरात लावी. शिशाच्या सफेद्यात जवसाचे तेल कालवून केलेला तो रंग काही ठिकाणी इतका घट्ट असे, की कपाळावरचा उजेड बोटाला लागावा. २०१९ साली संशोधकांनी अशा जाड थरांचे कण क्ष-किरणांखाली तपासले, तेव्हा त्यांत शिशाचे एक दुर्मीळ संयुग सापडले. घट्टपणा यावा म्हणून तो तेलातच काही खास मिसळत असावा असा त्यांचा निष्कर्ष आहे. ओल्या रंगात कुंचल्याचे लाकडी टोक ओढून केसांच्या बटा काढण्याची युक्ती त्याने तरुणपणीच वापरली होती. रंग म्हणाल तर मोजके : सफेदा, पिवळी आणि तांबडी माती, तपकिरी माती, हाडांच्या कोळशाचा काळा, थोडा हिंगूळ, थोडी लाख. महागडी रंगपेटी नसली तर व्यक्तिचित्र अडत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. डोळ्यांचे आणि ओठांचे कोपरे तो ठाम रेषेने बंद करीत नसे. चेहऱ्यावरचा भाव याच जागी ठरतो, आणि नेमक्या याच जागा तो धूसर सोडी. त्यामुळे चित्रातला माणूस आता हसणार की गंभीर होणार हे आपण ठरवीत राहतो, आणि चेहरा हलता वाटतो. डोळ्याची प्रत्येक पापणी मोजून काढणाऱ्या चित्रकाराला हे साधत नाही. हुबेहूब आणि जिवंत यांत अंतर पडते ते इथे.

सुखाचे दिवस मोजकेच होते. सास्कियाची पहिली तीन मुले तान्हेपणीच गेली. चौथा टायटस १६४१ मध्ये जन्मला आणि जगला. पण १४ जून १६४२ रोजी सास्कियाच गेली. तिच्या मृत्यूच्या वेळी दोघांच्या मालमत्तेची किंमत ४०,७५० गिल्डर होती असा अंदाज पुढे करण्यात आला. तिने आपला अर्धा वाटा टायटसला दिला आणि रेम्ब्रँटला त्याचा उपभोग घेण्याचा हक्क ठेवला. अट एकच, त्याने पुन्हा लग्न करता कामा नये. त्याच वर्षी 'नाइट वॉच' हे प्रचंड चित्र पूर्ण झाले. ते गिऱ्हाइकांनी नाकारले आणि तिथून त्याची घसरण सुरू झाली, ही कथा पुष्कळांनी ऐकलेली असते. तिला आधार नाही. चित्र ठरलेल्या सभागृहात लागले आणि पैसेही मिळाले. पण त्यानंतरच्या दशकात व्यक्तिचित्रांची कामे कमी झाली हे खरे. लोकांना आता स्वच्छ, उजळ, गुळगुळीत चेहरे हवे होते, आणि ते करून द्यायला फ्लिंक आणि बोल हे त्याचेच शिष्य तयार होते.

या काळातली एक गोष्ट त्याच्या चाहत्यांना अडचणीची वाटते, पण ती टाळून चालणार नाही. टायटसला सांभाळायला आलेली गेर्टये डिर्क्स ही विधवा त्याच्याबरोबर राहू लागली होती. पुढे घरात हेंड्रिक्ये स्टॉफेल्स आली आणि गेर्टयेला बाहेर पडावे लागले. लग्नाचे वचन मोडले म्हणून तिने दावा लावला. १६४९ मध्ये कोर्टाने तिला वर्षाला २०० गिल्डर द्यायला लावले. दुसऱ्याच वर्षी रेम्ब्रँटच्या खटपटीने तिची रवानगी गाउडा गावच्या सुधारगृहात झाली. पाच वर्षे ती तिथे होती. म्हाताऱ्यांच्या सुरकुत्यांत एवढी करुणा पाहणारा डोळा या बाईपुढे मात्र मिटला होता. हेंड्रिक्येच्याही वाट्याला अपमान आला. मृत्युपत्राच्या अटीमुळे लग्न परवडणारे नव्हते. १६५४ मध्ये गरोदर असताना चर्चच्या पंचांनी तिला बोलावून ठपका ठेवला आणि प्रभुभोजनाची बंदी घातली.

त्याच सुमारास इंग्लंडशी झालेल्या युद्धामुळे ॲमस्टरडॅमचा व्यापार बसला आणि घर विकणाऱ्याने बाकीची मागणी केली. व्याज आणि करांसह ८,४७० गिल्डर. चौदा वर्षांत मुद्दल निम्मेही फिटले नव्हते. १६५३ मध्ये रेम्ब्रँटने तिघांकडून कर्ज काढले : कॉर्नेलिस विट्सेनकडून ४,१८०, व्हॅन हेर्ट्सबेककडून ४,२०० आणि यान सिक्सकडून १,००० गिल्डर. जुने कर्ज नव्या कर्जाने फेडणे म्हणजे काय, हे कर्ज देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते.

आणि नेमक्या या ओढाताणीत, फेब्रुवारी १६५४ मध्ये, दिएगो द'आंद्रादा नावाच्या पोर्तुगीज व्यापाऱ्याची नोटीस आली. एका तरुण मुलीचे चित्र त्याने करायला दिले होते, ७५ गिल्डर आगाऊ दिले होते, आणि त्याचे म्हणणे असे की चित्र तिच्यासारखे दिसतच नाही. दुरुस्त करा, नाहीतर पैसे परत करा. गरजू माणसाने काय केले असते? चार ठिकाणी कुंचला फिरवून मुलगी गोड करून दिली असती. रेम्ब्रँटने कळवले, की बाकी पैसे किंवा त्यांची हमी मिळाल्याशिवाय चित्राला हात लावणार नाही. त्यानंतर साम्य आहे की नाही हे चित्रकारांच्या संघाच्या पंचांनी ठरवावे. आणि तरीही पसंत नसेल तर चित्र आपण ठेवून घेऊ, पुढच्या लिलावात विकू. यात हेकटपणा आहे, व्यवहाराचे अज्ञानही आहे. पण चित्रातले साम्य कशाला म्हणायचे, हा निवाडा त्याने पैसे देणाऱ्याच्या हाती जाऊ दिला नाही.

त्याच वर्षी त्याने यान सिक्सचे चित्र केले. तांबडा अंगरखा खांद्यावर टाकून, हातमोजा चढवीत सिक्स बाहेर निघाला आहे. हातमोजे चार-सहा फटकाऱ्यांत उरकले आहेत, अंगरख्याची सोनेरी किनार नुसत्या ठिपक्यांची; चेहरा मात्र शांत, कसल्याशा विचारात. हे चित्र आजही सिक्स घराण्याकडेच आहे. ज्याचे १,००० गिल्डर अंगावर होते त्याचेच हे चित्र, पण ऋणकोची लाचारी त्यात कुठे सापडत नाही. सिक्सने पुढे ती कर्जचिठ्ठी दुसऱ्याच्या नावे करून टाकली.

१६५६ मध्ये रेम्ब्रँटने घर टायटसच्या नावावर करण्याची धडपड केली आणि जुलैत कोर्टाकडे अर्ज करून सारी मालमत्ता धनकोंच्या हवाली केली. व्यापारात खोट आली, समुद्रावर नुकसान झाले, अशी कारणे त्याने दिली. मग ती ३६३ नोंदींची यादी आणि मग लिलाव. बाजार मंद होता; जन्मभर हौसेने जमवलेला संग्रह मातीमोलाने गेला. घर ११,२१८ गिल्डरना विकले गेले.

या संग्रहात चित्रांची एक चोपडी होती, तिचा आपल्याशी संबंध आहे. डच व्यापारी जहाजांतून हिंदुस्थानातली मोगल लघुचित्रे ॲमस्टरडॅमला पोचली होती. रेम्ब्रँटने त्यांवरून केलेली वीसेक रेखाचित्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत शहाजहान आहे, झाडाखाली बसलेले चार शेख आहेत. ज्याच्यापाशी सावलीचे सारे सामर्थ्य होते, तो नुसत्या बारीक रेषेने चेहरा उभा करणाऱ्या आपल्या अनाम चित्रकारांपुढे शिष्यासारखा बसला. त्या चार शेखांच्या मांडणीवरून त्याने १६५६ मध्ये देवदूतांचा पाहुणचार करणाऱ्या अब्राहमचे अम्लरेखन केले.

घर विकले गेले त्या १६५८ सालचे आत्मचित्र न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे. सोनेरी वस्त्रे, हातात काठी, सिंहासनावर बसावे तसा तो बसला आहे. कपडे राजाचे, पण चेहरा तसा नाही. गाल लोंबलेले, डोळ्यांखाली थकवा, नाक जाड. उधारीवर आणलेल्या राजवस्त्रांत त्याने स्वतःला एका पैचीही सूट दिलेली नाही.

पुढे १६६० च्या डिसेंबरात हेंड्रिक्ये आणि टायटस यांनी भागीदारी करून चित्रांचा व्यापार सुरू केला. रेम्ब्रँट त्यात सल्लागार, बदल्यात राहणे-जेवण. मिळकत त्याच्या नावावर आली तर धनको नेणार, म्हणून काढलेली ही तोड. एका अल्पशिक्षित बाईने आणि एकोणीस वर्षांच्या पोराने हा संसार सावरला हे मला फार मोठे वाटते. १६६२ मध्ये त्याने कापड-तपासनिसांचे प्रसिद्ध समूहचित्र केले; हिशेबाची वही पुढ्यात आहे आणि आपण खोलीत शिरताच सगळ्यांनी मान वर केली आहे. वसुलीच्या बैठकीत शिरणाऱ्या कर्जदाराला असेच चेहरे दिसतात. त्याच वर्षी पैशासाठी त्याला सास्कियाच्या थडग्याची जागा विकावी लागली. १६६३ मध्ये हेंड्रिक्ये गेली. १६६८ च्या फेब्रुवारीत टायटसचे लग्न झाले आणि सप्टेंबरात तोही गेला. ४ ऑक्टोबर १६६९ रोजी रेम्ब्रँट वारला. वेस्टरकर्कमध्ये त्याला पुरले, पण स्वतःच्या मालकीच्या जागेत नव्हे.

त्या शेवटच्या वर्षातली आत्मचित्रे उरली आहेत. त्यांतले एक लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, डोक्याला टोपीसारखे फडके, अंगात विटकरी कोट. क्ष-किरणांनी तपासले तेव्हा आढळले, की आधी त्याने हातात कुंचला दाखवला होता. मग तो रंगाखाली झाकला आणि हात नुसते एकमेकांत ठेवले. सुरकुत्या जशा होत्या तशा, नाकाचा शेंडा सुजरा, आणि डोळे थेट आपल्याकडे. डावीकडून उजेड येतो आहे. कपाळावर सफेद्याचा थर जाड आहे.